पोटरीतली गाठ

साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी मला झाला. हट्टी मुलीला रोगही हट्टीच, असं मीच सगळ्यांना सांगायची. नव्या गोळ्यांनी कातडी काळपट तांबूस झाली. धानोऱ्याच्या घरात मी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून होते. आरशात बघायचं टाळायची, कारण आतली बाई मला ओळख दाखवत नसे.

मग एका सकाळी डावा पाय सुजला. एकच. पोटरीत बोटाएवढी लांबट गाठ, हात लावला की गरम. माझी आई गावात अंग चोळून देणारी. मुरगळलेले पाय, बाळंतिणींच्या कंबरा, सगळं तिच्याकडे येई. तिने मोहाचं तेल कोमट केलं आणि दुपारभर ती गाठ खालून वर चोळली. मी कळवळत होते. एकाएकी तिचा अंगठा थांबला.

"गाठ कोठे गयी?" ती स्वतःशीच म्हणाली. मग हसली. "इरी गयी, पोरी. मन्हा हातले गुण शे."

पोटरी खरंच मऊ लागत होती, गाठ विरल्यासारखी. पण मला वाटलं, माझ्या अंगात काहीतरी उठून चालू लागलंय. आई हात धूत होती तेवढ्यात छातीत कळ आली. तोंड उघडं होतं, पण हवा पुरेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीच्या स्कॅनची फिल्म उजेडाला धरून मला दाखवली. टीबीने आणि पडून राहण्याने पायात रक्त गोठलं होतं. चोळल्याने तीच गाठ सुटून फुप्फुसात अडकली होती. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांनी मी वाचले. आई बाहेर बाकावर होती. तिला मी एवढंच सांगितलं, टीबीनेच दम लागला. तिचे हात मला फार प्रिय होते.

यंदा होळीनंतर शेजारणीने आपल्या बाळंतीण सुनेला आणलं. तिचाही एकच पाय सुजलेला. आईने तळहातावर तेल घेतलं.

मी तिचं मनगट धरलं. "माय, चोळू नको. गाठ इरत नही, वर छातीम्हा जास. हिले दवाखानाम्हा ली जानं पडी."

सुनेला रिक्षात बसवलं. आई ओट्यावरच उभी होती, हात तसाच तेलकट. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुन्ही बी तशीच गयी व्हती?"

मी हो म्हणाले.

सून बरी झाली. आईने मात्र तेव्हापासून मला हात लावलेला नाही.