द्रोण वळणाऱ्या मावशी

माझ्या लेकीला खोलीतून उन्हात आणलं ते दारासमोर करवंदं विकणाऱ्या मावशींनी. त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही.

मी सातवीत शाळा सोडलेली, लातूरहून महाडला कंपनीत आलेली. लेकीच्या चष्म्याचा नंबर वाढला, तेव्हा डॉक्टरांनी सुट्टीत रोज बाहेर खेळवायला सांगितलं. पण दारावरून धावणाऱ्या कंपन्यांच्या टँकरच्या भीतीनं मी तिला मोबाइल देऊन कोंडूनच कामावर जायचे.

एकदा मला कुलूप लावताना पाहून मावशी पानाचा द्रोण वळता वळता म्हणाल्या, "काय गो, पोर हाय का कोंबडी, डालून ठेवायला? माळावर माझ्या नातवंडांत सोड. सून हाय बघायला."

त्या दिवशी लेकीला माळावर सोडून गेले, पण कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी लेक गुडघा खरचटून, हसत आली. मोबाइल मागितलाच नाही.

मावशींना एकदा गावी नेऊन आमच्या रानातला हुरडा पोटभर खाऊ घालीन.