इंग्लंडातल्या तालुक्याची बस

इंग्लंडातल्या एका ग्रामीण तालुक्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. काम म्हणजे टायपिंग. तिथल्या कौन्सिलच्या सभा रेकॉर्ड व्हायच्या, ती फाइल आमच्या लोअर परळच्या ऑफिसात यायची आणि कानाला हेडफोन लावून मी ती शब्द न् शब्द उतरवून काढायचे. लॉकडाऊनमध्ये हे काम घोडपदेवच्या आमच्या खोलीत आलं, आणि मग परत ऑफिसात गेलंच नाही. खोलीत मी आणि माझे वडील, दोघंच. आई जाऊन खूप वर्षं झाली. भाऊ बायकोमुलांसह बदलापूरला असतो.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा मिलमध्ये कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात होते. मिल कधीच बंद पडली, पण तो कापूस त्यांच्या छातीत अजून आहे. चार पावलं चालले की थांबतात, भिंतीला हात लावून उभे राहतात आणि कुणी बघतंय असं वाटलं की चप्पल नीट करायचं नाटक करतात. मिलनंतर त्यांनी वॉचमनची नोकरी केली. पण मन सगळं आमच्या विहाराच्या कमिटीत. सूचक कोण, अनुमोदक कोण, ऐनवेळचा विषय अध्यक्षांच्या परवानगीने, हे सगळं त्यांना एखाद्याला गाणी पाठ असावीत तसं पाठ. त्यामुळे मी परदेशातल्या सभा ऐकून लिहिते हे कळलं तेव्हा नोकरीबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं.

"कोरम किती त्यांचा?"

सभा सार्वजनिक असायच्या, घरी सांगण्यात काही चुकीचं नव्हतं. दुपारी जेवताना मी सांगायला लागले. आधी रचनाच समजावून द्यावी लागली. तिथे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. जिल्हा म्हणजे कौंटी, ती वर. खाली प्रत्येक गावाचं छोटं मंडळ. मधे हे डिस्ट्रिक्ट.

"म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद," दादा म्हणाले. "मधल्यांच्या हातात काय असतं?"

"कचरा उचलणं. कुणी घर वाढवलं तर परवानगी देणं. रस्ते वरच्यांचे. आणि कबरस्तानातलं गवत गावाचं."

"आपल्यासारखंच. गटार एकाचं, झाकण दुसऱ्याचं."

तो मुलूख मी कधी पाहिला नाही. पण गावांची स्पेलिंगं बरोबर यावीत म्हणून कॉम्प्युटरवर त्याचा नकाशा सतत उघडा असायचा. लिहायची नावं लांबलचक, बोलताना मात्र अर्धी गिळलेली. पूर्वेला बुटक्या टेकड्या, मधे एक संथ नदी, नदीकाठी सखल कुरणं, आणि हिवाळ्यात ती कुरणं पाण्याखाली. बाजाराची गावं दोन-तीनच. बाकी सगळी वीस-पंचवीस घरांची वस्ती, एक चर्च, एक बंद पडलेली शाळा. सभेत बोलणं व्हायचं ते कुंपणाच्या झाडांची उंची, शेणखताचा वास, कुणाच्या तरी दारात राहून गेलेला कचऱ्याचा डबा यावर. ऐकून ऐकून कान दुखायचे. एकाच ठरावावर ते इतका वेळ बोलत की मी टाइप करता करता पेंगायचे.

त्या सभासदांमध्ये एक म्हाताऱ्या बाई होत्या. नदीकाठच्या सखल गावांच्या प्रतिनिधी. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट, टाइप करायला सगळ्यात सोप्या. त्यांच्या गावाची बस बंद झाली होती. दर सभेत त्या उठायच्या आणि बसबद्दल विचारायच्या. दर सभेत अध्यक्ष सौम्यपणे सांगायचे की बाई, बस हा विषय कौंटीचा आहे, आपल्याकडे येत नाही. आणि त्या म्हणायच्या, "मला ठाऊक आहे तो आपल्याकडे येत नाही. तरी माझ्या बोलण्याची नोंद व्हावी."

हे दादांना एवढं आवडलं की नवी फाइल आली की ते विचारायचे, "काय गं, उठली का बाई?"

"उठल्या."

"काय म्हणाली?"

"तेच."

"बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार?"

त्याच सुमाराला आमचीही बस गेली. घोडपदेवहून लालबागवरून परळला जाणारी, दादांच्या हॉस्पिटलच्या जवळ थांबणारी. आधी अर्ध्या तासाने यायची, मग तासाने, मग स्टॉपवरचा एक माणूस म्हणाला की आता येत नाही. कुणी पाटी लावली नाही. छातीच्या ओपीडीला दर महिन्याला जायचं असतं. अंतर एवढंसंच, म्हणून टॅक्सीवाले नाही म्हणतात. त्या महिन्यात आम्ही चालत गेलो. दादा वाटेत एका इस्त्रीवाल्याच्या स्टुलावर बसले, नंतर एका बंद दुकानाच्या पायरीवर, नंतर पुलाखाली. पोचलो तेव्हा नंबर निघून गेला होता.

घरी आल्यावर पाण्याचा ग्लास हातात धरून ते म्हणाले, "ती बाई एवढ्या वेळा उठली. आपण एकदा तरी जाऊया."

"कुठे?"

"वॉर्ड ऑफिसात. नगरसेवकाला सांगू, तो सभेत मांडेल."

मी त्यांना सांगितलं की नगरसेवक नाही. मुदत संपलीय, निवडणूक झालेलीच नाही, कारभार अधिकारी बघतात.

"मग सभा कोण घेतं?"

"सभाच होत नाही, दादा."

त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पेपर रोज वाचतात. पण सभा होत नाही असं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

तरी गेलो. मी अर्धी रजा टाकली. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वॉर्ड ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर असं करत आम्ही एका क्लार्कबाईंसमोर आलो. माझ्याच वयाच्या असतील. डबा अर्धा खाऊन बाजूला ठेवलेला. त्यांनी दादांना खुर्ची दिली, दम खाऊ दिला, सगळं ऐकून घेतलं.

"काका, बस आमच्याकडे येत नाही. ते खातं वेगळं. तुम्ही डेपोत जा."

"माहीत आहे मला," दादा म्हणाले. "तरी नोंद करून घ्या."

"कसली नोंद? आमचा विषयच नाही तो."

"तुमचा नाही, हीच नोंद करा. पण एक माणूस येऊन बोलून गेला एवढं लिहा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मला तेव्हा लाजही वाटत होती आणि घरी पडलेल्या फाइलची काळजीही. मग त्या हळूच म्हणाल्या, "काका, माझी आई वडाळ्याला असते. तिचीपण बस गेली. मी कोणाकडे नोंदवू सांगा." त्यांनी काही लिहिलं नाही. पण स्वतः उठून आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या, आणि डेपोत कोणत्या खिडकीवर विचारायचं ते नीट सांगितलं.

डेपोत मी पुढच्या आठवड्यात एकटीच गेले. खिडकीतल्या माणसाने वर न बघता सांगितलं, गाड्या जुन्या झाल्या, भंगारात गेल्या, नव्या आल्या की बघू. मी कधी म्हणून विचारलं नाही. त्यालाही ते माहीत नव्हतं, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. इतकी वर्षं नुसते आवाज ऐकण्यात गेल्यावर तेवढं कळायला लागतं.

त्या हिवाळ्यात इंग्लंडातली ती नदी पुन्हा कुरणांत शिरली. सभेत त्यावरच बोलणं चाललं. शेवटी अध्यक्षांनी एक निरोप वाचला. नदीकाठच्या बाईंनी राजीनामा दिला होता. गुडघे चालत नाहीत, गाडी चालवता येत नाही, गावात आता दुकानही नाही, म्हणून मुलगी त्यांना बाजाराच्या गावातल्या वृद्धाश्रमात हलवत होती. निरोपाच्या शेवटी त्यांनी बसचा विषय पुन्हा लिहिला होता. सभेत कुणीतरी हसलं, प्रेमानेच. मग टाळ्या झाल्या. मी कंसात 'टाळ्या' असं टाइप केलं.

दुपारी दादांना सांगितलं. ते भात कालवत होते, थांबले.

"म्हणजे बसपायी गाव सोडावं लागलं तिला."

"बसपायीच असं नाही, दादा. वयही झालंय."

"वय माझंही झालंय," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. ताटात भात राहिला, तो त्यांनी झाकून ठेवला.

पुढे त्या गावाला एक छोटी व्हॅन मिळाली. आठवड्यातून दोनदा, आदल्या दिवशी फोन केला तर येणारी. बाई गाव सोडून गेल्यानंतर. नोंदीचा उपयोग झाला की आणखी कशाचा, ते सभेत कुणी सांगितलं नाही. दादांना मात्र मी नोंदीमुळेच झालं असं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही कोण जाणे. नुसतं "हं" केलं.

मग त्या तालुक्याचाच विषय सभेपुढे आला. खर्च परवडत नाही म्हणून आजूबाजूचे तालुके आणि वरची कौंटी मिळून एकच मोठं कौन्सिल करायचं ठरलं होतं. शेवटची सभा आभारांचीच झाली. मोठ्या कौन्सिलने सभा उतरवायचं काम सॉफ्टवेअरला दिलं. आमच्या सुपरवायझरचा फोन आला, बिचारा आधी माझीच तब्येत विचारत राहिला. मीच म्हटलं, "सांग रे, मला कल्पना आहे."

आता मी अमेरिकेतल्या डॉक्टरांची डिक्टेशनं तपासते. मशीनने लिहिलेलं आधीच समोर असतं, मी चुका काढते. त्यात सभा नाही, गाव नाही, कुणाची बस नाही. जेवताना सांगण्यासारखं काही नसतं. दादा पेपर वाचतात, मी मोबाइल बघते.

मध्यंतरी इथे निवडणूक झाली. निवडून आलेला मुलगा चाळीत हात जोडत आला, गॅलरीत सगळे उभे होते. मी दादांना म्हटलं, "विचारा ना."

"तूच विचार. मला दम लागतो."

मी विचारलं. तो चांगला मुलगा होता, त्याने सोबतच्या पोराला लिहून घ्यायला सांगितलं आणि "बघतो ताई" म्हणून पुढच्या दाराकडे गेला. बस अजून आलेली नाही. येईलही, मला खरंच माहीत नाही.

पुढच्या मंगळवारी ओपीडी आहे. नाक्यावरच्या एका टॅक्सीवाल्याला मी आधीच सांगून ठेवलंय. तो म्हणाला येईन, पण एअरपोर्टचं भाडं मिळालं तर राग मानू नका.