डावी बाजू एक बोट वर

चंद्रपूरजवळच्या मूल गावात बसस्टँडमागून राइस मिलांकडे जो रस्ता जातो, त्या रस्त्यावर नूर मोहम्मदची कमानींची भट्टी होती. ट्रकचे, जीपचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे, चाकांवरचा भार पेलणारे पोलादी पाटे तुटून तिथं यायचे आणि घणाखालून नवा बाक घेऊन परत जायचे. काचबिंदूनं नूर मोहम्मदची नजर नेली त्या वर्षी लोकांना वाटलं, भट्टी आता विझली. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी भाता सुरू झाला. घण हातात घेऊन उभी होती त्याची मुलगी, निशात.

निशात तेव्हा पस्तिशीची. सासरहून पाच वर्षांपूर्वी परत आलेली, पुन्हा न गेलेली. पहाटे फजरची नमाज झाली की ती ओढणी मानेमागे घट्ट बांधायची, बाह्या दुमडायची, आणि बिस्मिल्ला म्हणून पहिला घाव घालायची. बायामाणसानं घण उचलावा का, यावर रस्त्यात बोलणं व्हायचं, मशिदीबाहेर व्हायचं, पाण्याच्या नळावर तर व्हायचंच. भाता चालू असला की तिला त्यातलं काही ऐकू येत नसे, आणि भाता ती दिवसभर चालू ठेवायची.

नूर मोहम्मद दाराशी खाटेवर बसायचा. डोळे गेले तरी त्याचा एक अधिकार शाबूत होता. गाडी तयार झाली की तो भिंतीचा आधार घेत यायचा आणि चाक नि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात घालायचा. जीपला एक वीत, मोटारीला चार बोटं. डावीकडं चार, उजवीकडं चार. रिकाम्या गाडीवर हे माप बरोबर भरलं तरच गाडी भट्टीतून बाहेर जायची. तीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा तौसीफ याचं रस्त्यापलीकडं टायरचं दुकान. त्याला चाकं तोलायचं मशीन बसवायला भट्टीची जागा हवी होती. तो रोज येऊन सांगायचा, "बडे अब्बा, पाट्याचे दिवस गेले. आता लोकायले चौडे टायर पायजे, खाली बसलेली गाडी पायजे. आपा किती दिवस घण मारनार?"

शेवटी नूर मोहम्मदनं एक दिवस निकाल दिला. "निशात, नव्या चालीचं एक काम निभावून दाखव. गाडी तक्रारीशिवाय गेली तर भट्टी तुह्यी. नाई तर जागा तौसीफले."

ते काम महिन्याभरातच चालत आलं. नीलाबाईंच्या मिलच्या शेडमध्ये वीस वर्षं कोंड्याखाली पडून राहिलेली अमेरिकन मोटार. नीलाबाईंचे यजमान जंगलाचे ठेकेदार होते. सागाच्या लिलावाला ते या मोटारीतून जायचे. लांब नाक, रुंद कंबर, इंजिनाची ताकद ट्रकएवढी, आणि बसल्यावर अशी हेलकावायची की गावात तिला डोंगाच म्हणत. आता नातू अतुल चंद्रपुरात नोकरीला लागला होता. त्यानं इंजिन दुरुस्त करून घेतलं, नागपूरहून रुंद चकचकीत चाकं आणली, आणि मोटार भट्टीसमोर उभी केली.

"निशातताई, डोलली नाई पायजे. खाली बसली पायजे. नागपुरात जुन्या गाड्यायचं प्रदर्शन हाये."

"दोन तासांचं काम," तौसीफ मध्येच बोलला. "पुढच्या स्प्रिंगांचे दोन वेढे गॅसनं कापतो, मागचे पाटे तापवून खाली बसवतो."

"तापवल्यावर पोलादाचं पाणी उतरते," निशात म्हणाली. "आज बसते, सहा महिन्यांत पापड होते. कापाकापी इथी नाई होनार."

तिनं वीस दिवस घेतले. पुढच्या स्प्रिंगा नागपुरातून मापानं वळवून आणल्या, धक्के झेलणारे नवे शॉकप बसवले. मागचे पाटे एकेक करून थंडेच ठोकले, घावामागून घाव, त्यांचा बाक कमी केला. वजन घालून पाहायचं म्हणून मिलमधून तांदळाची दोन पोती मागवली आणि मागच्या सीटवर मधोमध ठेवली. मूलमध्ये वजन म्हटलं की पोतंच आठवतं. तिच्याही हातून तेच झालं. गाडी बसली सुरेख. पोती काढल्यावर नूर मोहम्मदनं हात घातला. चार आणि चार. "शाबास," तो म्हणाला, आणि हा शब्द त्याच्या तोंडून क्वचितच यायचा.

दुसऱ्या दिवशी अतुल आजीला घेऊन चंद्रपूरच्या रस्त्याला लागला, आणि दुपारी मोटार परत भट्टीसमोर आली. डाव्या चाकाशी जळक्या रबराचा वास. नीलाबाई मागच्या सीटवरून पाय ओढत उतरल्या.

"काऊन गे पोरी," त्या म्हणाल्या, "चिचपल्लीपर्यंत घसर-घसर, घसर-घसर. मले वाटलं, खालून कोनी करवत चालवून राह्यला."

तौसीफनं हसू दाबलं नाही. "टायर चौडा, गाडी खाली. मडगार्डची कड कापून टाकतो ग्राइंडरनं. पाच मिनिटं."

"पत्र्याची काय चूक हाये?" निशातनं विचारलं. ती नीलाबाईंकडे पाहत होती. चांगल्या धष्टपुष्ट बाई, एक गुडघा आखडलेला. "बाई, तुम्ही नेहमी कुठी बसता?"

"डावीकडंच. उतरलं की रस्त्याची कड लागते. कोनत्याही गाडीत तिथीच बसली. हे होते तवाही तिथीच."

"आनि सोबत?"

"सोबत माह्यी पिशवी, पान्याची कॅन, देवीची पेटी. सारं माह्याजवळ."

निशातनं कपाळाला हात लावला. पोतं मधोमध बसतं, माणूस आपल्या जागेवर बसतो. तिनं तिथल्या तिथं मोटार जॅकवर घेतली, डावीकडची पाट्यांची कमान उतरवली, आणि दोन दिवस फक्त एका जादा पाट्यावर घालवले: पातळ, लांब, बाकदार, फक्त डाव्या कमानीसाठी. तिसऱ्या दिवशी पेटी नि पिशवीसकट नीलाबाईंना डावीकडं बसवलं, चाकापाशी हात घालून पाहिला आणि पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आवळला. मोटार सरळ.

मग नीलाबाई उतरल्या, आणि मोटार डावीकडं वर आली.

अतुल दोन पावलं मागे गेला. "हे काय? वाकडी उभी हाये."

"बाई बसल्या की सरळ होते."

"ताई, प्रदर्शनात मोटार रिकामी उभी राहते! लोक उभी मोटारच पाहतात. काढा तो पाटा."

नूर मोहम्मद भिंत धरत आला. उजवीकडं बोटं घातली: चार. डावीकडं घातली: पाच, वर थोडी जागा. त्याचा चेहरा कडू झाला.

"डावी बाजू एक बोट वर हाये, निशात."

"हाये, अब्बा. म्याच ठेवली."

"गिऱ्हाईक काढ म्हणते. मापही काढ म्हणते. काढ."

"नाई काढनार."

भाता बंद होता, त्यामुळं शब्द साऱ्यांनी ऐकला. समोरच्या चहाच्या टपरीवरचे दोघे उभे राहिले. या घरात नूर मोहम्मदला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं, त्याच्या बायकोनंसुद्धा.

तौसीफ पाना घेऊन पुढं आला. "मी काढतो, आपा. दहा मिनिटं."

निशात चाकासमोर जाऊन उभी राहिली. "काढ. पन मग आजपासून भट्टी तुह्यी. मी हात लावनार नाई. या दारातून घासत जानारी गाडी माह्या हातानं जानार नाई, मग ते माप अब्बाचं असो का कोनाचं असो."

तौसीफचा पाना हातातच राहिला. भट्टी हवी होती त्याला, पण अशी नको होती. भर रस्त्यात, चुलत बहिणीला चाकासमोरून बाजूला सारून.

नीलाबाईंनी मोटारीचं दार उघडलं आणि आत बसल्या. पेटी मांडीवर घेतली. "भांडण नंतर करा. अतुल, चिचपल्लीले ने. नूरभाऊ, तुम्ही पुढं बसा. दिसत नाई ना, मंग ऐका."

निशात गेली नाही. ती भट्टीसमोर उभी राहिली. मोटार वळणाआड गेल्यावर तिनं जमिनीवरचे पाने उचलून एका ओळीत लावले, मग पुन्हा विस्कटले. तौसीफ रस्त्यापलीकडं गेला नाही. टपरीवरचा चहा आला तो तिनं त्याला दिला.

दोन तासांनी मोटार आली. खड्ड्यांवरून आली, धूळ अंगावर घेऊन आली, पण हेलकावे न घेता आली. नूर मोहम्मद उतरला. त्यानं डावं चाक चाचपलं. रबर थंड होतं. नीलाबाई आत असतानाच फटीत हात घातला: चार. उजवीकडं: चार. मग म्हणाला, "उतरा, बाई." त्या उतरल्या. त्यानं पुन्हा हात घातला. पाच.

त्यानं फटीतली बोटं एकेक करून पुन्हा मोजली.

"रिकामी असते तवा वाकडी," तो म्हणाला.

"रिकामी मोटार कोनाच्या कामाची, अब्बा?"

त्यानं हात पुसला. मग तो तौसीफच्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "तुह्यं मशीन तुह्याच दुकानात बसव. इथी जागा नाई."

अतुल मात्र घुश्शातच होता. पण मोटारीचे कागद आजीच्या नावावर होते, आणि आजीनं प्रदर्शनाला स्वतः यायचं ठरवलं होतं. निशातलाही सोबत घेतलं.

नागपुरात दोरी बांधलेल्या मैदानात मोटारी ओळीनं उभ्या होत्या, पॉलिश केलेल्या, दारं बंद. एकट्या डोंग्यात माणूस बसलेलं होतं. नीलाबाईंचा सोमवारचा उपास; डब्यात शेंगदाण्याचे लाडू. छातीवर बिल्ला लावलेला परीक्षक आला.

"आजी, जरा उतरता का? गाडी रिकामी पाहायची असते."

"मी हिच्यात बसाले आली, बापू. पाहा तुमी, मी काही हलत नाई."

अतुल दुसऱ्या मोटारीकडं पाहू लागला. परीक्षक वाकला, बॅटरीचा उजेड खाली टाकला, डावीकडचे पाटे मोजले, उजवीकडचे मोजले.

"डावीकडं एक पाटा जास्त आहे. हे काम कुणाचं?"

"माह्यं," निशात पुढं आली.

परीक्षकानं तिच्या ओढणीकडं पाहिलं, मग तिच्या नखांतल्या काळ्या ग्रीसकडं. "बाई, ही चूक आहे."

"चूक नाई. थो पाटा या बाईंचा हाये."

"मला गुण कापावे लागतील."

"कापा," निशात म्हणाली. "पन कागदावर कोनी केलं तेही लिहा. निशात नूर मोहम्मद, मूल."

त्याचं पेन थांबलं. नीलाबाईंनी खिडकीतून डबा पुढं केला. परीक्षकानं लाडू घेतला नाही, पण नाव लिहिलं. निशात त्याच्या खांद्याशी उभी राहून शेवटच्या अक्षरापर्यंत पाहत होती.