असामान्य गुणवत्तेची बाई

अमेरिकन सरकारच्या लेखी मी असामान्य गुणवत्तेची शास्त्रज्ञ आहे. त्याच जोरावर मला ग्रीन कार्ड मिळालं. नवऱ्यालाही मिळालं, पण माझा नवरा म्हणून.

आम्ही दोघं एकाच लॅबमध्ये पाण्यातलं शिसं पकडणाऱ्या गाळणीवर काम करत होतो. दोघांचेही व्हिसा संपत आले होते. वकीलबाई म्हणाल्या, एकाचाच अर्ज भक्कम करू, दुसरा आपोआप मागे येईल. माझ्या नावावर पेपर जास्त, म्हणून मी. त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

मग शिफारसपत्रांची वेळ आली. बाहेरच्यांना वाटतं, मोठमोठे प्राध्यापक ती आपणहून लिहितात. कसलं काय! मसुदा ज्याचा त्यानेच लिहायचा, प्राध्यापक चार शब्द बदलून सही करतात. स्वतःची टिमकी वाजवायची मला सवय नव्हती. माझा मसुदा वाचून वकीलबाई वैतागल्या. म्हणाल्या, "टीमने केलं, हे चालणार नाही. तुम्ही काय केलंत ते लिहा."

शेवटी नवऱ्याने लॅपटॉप ओढून घेतला. गाळणी भट्टीत न वाळवता गोठवून वाळवली तर जास्त टिकते, ही कल्पना त्याची. मी फक्त चाचण्या केल्या होत्या. त्याने ती कल्पना हसत हसत माझ्या नावावर लिहिली.

"अगं, घरातल्या घरातच राहतंय ना! तू एक्स्ट्राऑर्डिनरी झालीस की मीपण सुटलो."

"बघ हं," मी म्हणाले. नको म्हणाले नाही. खरं सांगायचं तर वाचताना ते मला आवडायलाही लागलं होतं. त्याची आज जास्त लाज वाटते.

कार्डं आली. पुढे लॅबचा निधी आटला आणि त्याची नोकरी गेली. परवा त्याचा एका कंपनीबरोबर व्हिडिओ इंटरव्ह्यू होता. कंपनी गाळण्याच बनवते, जागा जणू त्याच्यासाठीच काढलेली. बरेच महिने घरी बसून कोमेजलेला माणूस, त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बेडरूममध्ये बसला. मी स्वयंपाकघरात होते. बेलव्ह्यूसारख्या महागड्या गावात एवढं भाडं भरूनही आमच्या अपार्टमेंटची दारं धड लागत नाहीत, सगळं ऐकू येतं.

गोठवून वाळवायची कल्पना कोणाची, असं पलीकडून कोणीतरी विचारलं.

"माय वाइफ्स," तो म्हणाला. "आय जस्ट हेल्प्ड हर."

सरकारी कागदावर एक आणि तोंडी दुसरं, असं नको, कार्ड धोक्यात येईल, एवढंच त्याच्या मनात असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जाऊन, कल्पना ह्याचीच आहे, असं त्या लोकांना सांगायला हवं होतं. दारापर्यंत गेलेसुद्धा.

मग परत आले. कुकर फुसफुसायला लागला होता. शिट्टीने त्याच्या इंटरव्ह्यूत व्यत्यय नको, म्हणून मी गॅस बंद केला.