वाल्व गरम होईपर्यंत

बदलापूरला शिरगावात आमच्या घरी पाहुणा आला की बसायचं कुठे हा त्याला पहिला प्रश्न पडतो. हॉलमध्ये सोफा नाही. एका भिंतीला तीन रेडिओग्राम, समोर एक, बेडरूममध्ये दोन आणि गॅलरीत ताडपत्रीखाली एक. ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांब शोकेससारखं लाकडी कपाट असतं. झाकण उचललं की एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला रेकॉर्ड फिरवणारी तबकडी, आणि खाली जाळीच्या कापडामागे स्पीकर. एकेकाळी घरात हा असला की लोक सोयरीक जुळवताना त्याच्याकडे बघून घेत. आता तो घराबाहेर काढायला लोक भंगारवाल्याला फोन करतात, आणि भंगारवाला मला करतो.

"या कपाटांची नावं रेशनकार्डावर घाला एकदा," बायको म्हणते. "घरात माझ्यापेक्षा त्यांचीच जागा जास्त आहे."

अंबरनाथच्या कारखान्यात मी टूलरूममध्ये फिटर होतो. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून हा नाद लागला. लोकांना वाटतं मला गाण्याचं वेड आहे. तसं काही नाही. माझ्याकडे ढीगभर रेकॉर्ड्स आहेत, पण एखादी पूर्ण ऐकल्याचं मला आठवत नाही. मशीन सुरू झालं, दोन ओळी वाजल्या, की माझं काम संपलं. मी ऐकणारा माणूस नाही, उघडणारा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

आम्हा जमवणाऱ्यांत एक रीत आहे, तिला आम्ही 'दोनाचा एक करणं' म्हणतो. एकाचं लाकूड चांगलं असतं पण आतलं यंत्र गेलेलं, दुसऱ्याचं यंत्र धड असतं पण लाकूड वाळवीने खाल्लेलं. मग एकाच्या पोटातलं काढून दुसऱ्याच्या पोटात घालायचं. उरलेल्या रिकाम्या कपाटात लोक चपला ठेवतात, दारूच्या बाटल्या ठेवतात. आमच्यातल्या एकाने तर मासे सोडले आहेत. यात कुणाला काही वाईट वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

माझ्याकडे असंच एक रिकामं कपाट होतं. एका जुन्या बंगल्यातून आलेलं, शिसवीचं, पॉलिश असं की तोंड दिसावं. त्याच्या मापाचं यंत्र मी दोन वर्षं शोधत होतो. मग उल्हासनगरच्या भंगारवाल्याचा फोन आला की कॅम्प चारमध्ये निर्वासितांच्या वेळची एक जुनी बॅरॅक रिकामी होतेय, सिंधी फॅमिली आहे, फ्लॅटमध्ये चालली आहे, सामान काढतायत, लवकर या.

दारात घरची सून होती. पन्नाशीची, थकलेली, कमरेला पदर खोचलेला. सासरे हॉस्पिटलमध्ये होते, साखरेमुळे पाय कापावा लागला होता. नवरा दुकान आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये धावत होता, त्यामुळे घर हलवायचं सगळं हिच्या अंगावर. "डॉक्टर बोलले, उम्मीद मत रखो," ती म्हणाली. "नये घर में जगह नहीं है अंकल. तुम्ही नाही नेला तर उद्या तोडून टाकणार."

रेडिओग्रामची एक बाजू ओलीने फुगली होती, पण मागची फळी काढून टॉर्च मारला तर आत सगळं जागच्या जागी. सगळे वाल्व, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, मूळचे, एकही तार कापलेली नाही. माझ्या शिसवीच्या कपाटाचं तंतोतंत माप. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी मुद्दाम तोंड वाकडं करून फुगलेल्या बाजूवर बोट फिरवत राहिलो.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याचं यंत्र काढलं आणि शिसवीच्या कपाटात बसवलं. ते इतकं अलगद बसलं की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. जुनं कपाट गॅलरीत गेलं.

दहा-बारा दिवसांनी सुनेचा फोन आला. सासरे घरी आले होते. डॉक्टरांचा अंदाज चुकला होता. नव्या फ्लॅटमध्ये खाटेवर टेकल्याबरोबर त्यांनी विचारलं, मशीन कुठे आहे?

"मी बोलून गेले, रिपेअरला दिलंय," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "अंकल, पैसे परत देते. वो सिर्फ उसी का पूछते हैं. जेवत नाहीत धड."

पैसे नकोत, असं मी मोठेपणाने म्हणालो. रेडिओग्राम परत आणून देतो म्हणालो. फोन ठेवला आणि शिसवीच्या कपाटाकडे बघितलं.

"माणूस जिवंत आहे ना?" बायको म्हणाली. "मग त्याचं त्याला द्या. जसं होतं तसं."

मी तसं दिलं नाही. उल्हासनगरच्याच बाजारात पेन ड्राइव्हवर चालणारं एक तयार सर्किट मिळतं, ते आणून जुन्या कपाटात बसवलं. फुगलेली बाजू तासून, चपड्याचं पॉलिश मारून सारखी केली. डायलमागे पिवळा दिवा लावला. आवाजाचं जुनं बटणही त्याच दांड्यावर बसवलं, म्हणजे चालू करताना तोच 'टक्' यावा. पेन ड्राइव्हवर सिंधी भजनं भरून घेतली. चार दिवस राबलो. त्याऐवजी खरं यंत्र परत बसवलं असतं तर एका सकाळीत काम झालं असतं. पण ते मला द्यायचं नव्हतं. याला लोभ म्हणतात आणि तो मला तेव्हाही कळत होता.

फ्लॅटमध्ये म्हातारा खिडकीशी खुर्चीत बसला होता, गुडघ्याखाली एक पाय नाही, मांडीवर शाल. रेडिओग्राम त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. सुनेने मला बसवलं. मी तिला समजावलं की मशीन तेच आहे, फक्त पेन ड्राइव्हची सोय केली आहे. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं, कारण इतकी वर्षं सासऱ्याने त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

म्हाताऱ्याने तळवा झाकणावर ठेवला, उजव्या कोपऱ्यात, मागच्या बाजूला. "चालू कर," तो म्हणाला.

तिने बटण फिरवलं. टक् झालं आणि लगेच भजन सुरू झालं. सून हसली. मीही हसलो. म्हातारा हसला नाही, त्याने हातही हलवला नाही. तो तसाच बसून राहिला, आणि आम्हाला वाटलं तल्लीन झाला.

सून माझ्यासाठी पापड भाजायला आत गेली. सिंध्यांच्या घरी पाण्याबरोबर पापड आल्याशिवाय पाहुणा उठत नाही. ती गेल्यावर म्हातारा हळूच म्हणाला, "मिस्त्री, मशीन तो ठंडी है."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. वाल्वचं मशीन चालू केलं की आधी काही होत नाही. आतल्या काचेच्या नळ्या तापाव्या लागतात, अर्धा मिनिट तरी जातो, मग कुठून तरी लांबून आल्यासारखा आवाज येतो आणि वाढत जातो. उजव्या कोपऱ्यातलं लाकूड कोमट होतं. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आयुष्यात शेकडो वेळा मी ते वाट बघणं भोगलं होतं. पण माझ्या लेखी तो फक्त वाया जाणारा वेळ होता. मी दिवा आठवणीने लावला, 'टक्' आठवणीने बसवला, आणि हे विसरलो.

"माझी घरवाली गेल्यावर मी सकाळी इथेच बसायचो," म्हातारा म्हणाला. "हात ठेवून. लकडी गरम व्हायची ना, मग वाटायचं घरात कोणीतरी उठलंय."

मी म्हणालो, "दादा, जुनं यंत्र माझ्याकडे आहे. या रविवारी आणून बसवतो."

"सुनेला नका सांगू," तो म्हणाला. "ती बोलली रिपेअरला दिलंय. मी बोललो ठीक है. तिने माझं खूप केलंय, मिस्त्री. तिला वाटू दे मशीन तीच आहे." मग सून पापड घेऊन आली आणि तो मोठ्याने म्हणाला, "एकदम बढिया केलंय यांनी."

त्या रविवारी मी गेलो नाही. पुण्याहून दोघे जमवणारे माझं शिसवीचं कपाट बघायला येणार होते. त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. पुढच्या रविवारी पाऊस होता आणि यंत्र भिजेल म्हणून नाही गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी कारण काय होतं ते आठवतही नाही. बायको विचारायची आणि मी तिच्यावरच खेकसायचो. मग तिने विचारणं सोडलं. असे चार महिने गेले.

फोन आला तेव्हा सून शांत होती. पप्पा गेले, म्हणाली. बाराव्याला या.

मी गेलो. तिने नातेवाइकांना माझी ओळख करून दिली, यांनी पप्पांची मशीन दुरुस्त करून दिली म्हणून. एका म्हाताऱ्या बाईने माझे दोन्ही हात धरले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण पापड आला आणि बसावं लागलं.

"पप्पा रोज लावायचे," सून म्हणाली. "एक आदत थी उनकी. मला बोलायचे, आवाज झिरोवर ठेव आणि चालू कर. मग हात ठेवून गप बसायचे. थोड्या वेळाने बोलायचे, आता हळूहळू वाढव. मी हसायचे. और हर संडे सुबह नया कुर्ता. मिस्त्री येणार आहे, सर्विसिंगला. मी बोलायचे, पप्पा, चांगली तर वाजतेय. बोलायचे, त्याने सांगितलंय ना, येणार."

मी पाणी प्यायलो.

त्यानंतर आठवडाभर मला शिसवीच्या कपाटाकडे बघवेना. शेवटी एका सकाळी मी त्यातलं यंत्र काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षा करून उल्हासनगरला गेलो. सुनेला म्हणालो, पप्पांची इच्छा होती ना सर्विसिंगची, ती करून टाकतो. तिचे डोळे भरून आले. ती आत कामाला लागली आणि दोनेक तासांत मी बाजारातलं सर्किट काढून पिशवीत टाकलं, खरं यंत्र जागेवर बसवलं आणि पेन ड्राइव्ह वाचणारी छोटी पट्टी तेवढी ठेवून तिची वायर त्याला जोडली. हात चांगले चालले. खूप दिवसांनी बरं वाटत होतं. मी कोणासाठी करत होतो हे मला विचारायलाही सुचलं नाही.

ती पापडाचं ताट घेऊन आली. "मी लावू?" म्हणाली. ताट ठेवलं, पदराला हात पुसला आणि बटण फिरवलं. टक् झालं. डायलचा दिवा लागला. आवाज आला नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. "बिघडली का?"

"थांबा," मी म्हणालो. "गरम व्हायला वेळ लागतो."

आम्ही दोघं उभे होतो. मग लांबून आल्यासारखं भजन आलं, आणि वाढत गेलं. तिचा हात आपसूक झाकणावर गेला, उजव्या कोपऱ्यात, जिथे म्हातारा रोज तळवा ठेवून बसायचा. तिने तो तिथेच ठेवला. लाकूड तापायला लागलं असणार, कारण तिने हात उचलून तळव्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवला.

"मग इतके महिने लगेच कशी वाजायची?" ती म्हणाली.

माझ्या पायाशी पिशवी होती आणि पिशवीतून सर्किटची लाल वायर बाहेर आली होती. तिने ती बघितली. म्हाताऱ्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, की तिला कळू देऊ नका.

"पप्पांना माहीत होतं," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

ती बराच वेळ हात ठेवून उभी राहिली. मग तिने बटण बंद केलं आणि पापडाचं ताट उचलून आत नेलं.