शेरवानीतले आजोबा

आमच्या घरात बी.ए. झालेली पहिली मी. विषय इतिहास. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची चूक न शिकलेल्या माणसाच्या हातून झालीच नसती.

आमच्या भागातल्या लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर फक्त जुन्या वस्तू आणि जुने फोटो टाकायचे. कोणी निजामाच्या वेळचं नाणं टाकतं, कोणी उर्दूतला जमिनीचा कागद. कोणी गंजलेलं लोखंडी काहीतरी टाकून ‘ओळखा पाहू’ म्हणतं आणि मग दिवसभर भांडण चालतं. मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या आजोबांचा फोटो टाकला. अंगात शेरवानी, डोक्यावर गोंड्याची रुमी टोपी, खुर्चीत ताठ बसलेले, हातात जाड पुस्तक. खाली मी चांगल्या दहा ओळी लिहिल्या. वेषावरून ते निजामाच्या नोकरीत असावेत, पुस्तकावरून उर्दू-फारसी शिकलेले असावेत, असं सगळं.

गावातल्या एकानं लगेच लिहिलं, ‘ताई, तुमचे आजोबा आमच्या रानात हळद काढायला यायचे, आमचा आजा सांगायचा. पुस्तक कवा वाचलं त्यायनं?’

‘पुरावा समोर आहे,’ असं मी ठणकावून कळवलं.

संध्याकाळी शिरड शहापूरच्या एका निवृत्त गुरुजींचा फोटो आला. तीच खुर्ची, तीच टोपी, तेच पुस्तक, तोच माणूस. गळ्यात चंदनाचा हार. खाली एकच ओळ: ‘हे आमचे आजोबा आहेत. तुमच्याकडे कसे?’

आधी मला राग आला. मग भीती वाटली, आणि ती बाबांसाठी. आजोबा वारले तेव्हा बाबा आजीच्या पोटात होते. बापाचं तोंड त्यांना ठाऊक झालं ते या फोटोमुळेच. वावरात निघाले, दवाखान्यात निघाले, तरी फोटोपुढं उभं राहून ‘येतो’ म्हणतात. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांना मी काय सांगणार होते?

‘काच बदलून आणते,’ असं खोटं बोलून मी फोटो पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी शिरड शहापूर गाठलं. गुरुजींनी त्यांचा फोटो खाली काढून ठेवला होता. दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. कानाजवळचा तीळसुद्धा एकाच जागी. मागं शिक्का एकाच दुकानाचा, वसमतच्या फोटोवाल्याचा.

‘चला,’ गुरुजी म्हणाले. ‘आज ह्याचा निकालच लावू.’

बसमध्ये आम्ही दोघं आपापला आजोबा मांडीवर घेऊन बसलो.

दुकान अजून आहे. आता तिथं पासपोर्टचे फोटो निघतात आणि मोबाईलचे कव्हर मिळतात. म्हाताऱ्या मालकानं दोन्ही फोटो पाहिले आणि हसायलाच लागला.

‘हा तर आमच्या पेटीतला मानूस!’

त्यानं सांगितलं ते असं. तेव्हा जिवंतपणी फोटो काढून घेणारे थोडे. माणूस गेल्यावर वर्षश्राद्धाला हार घालायला फोटो पाहिजे, म्हणून घरची मंडळी दुकानात यायची. त्याचे वडील एक पेटी पुढं ठेवायचे. पेटीत जुन्या गिऱ्हाइकांचे फोटो. घरच्यांनी चाळायचं आणि ज्याचं तोंड गेलेल्या माणसासारखं वाटेल त्यावर बोट ठेवायचं. तोच फोटो पुन्हा छापून चौकटीत मिळायचा.

‘अन् ही शेरवानी?’ मी विचारलं.

‘दुकानाचीच. खुर्ची, पुस्तक, समदं दुकानाचं.’

‘मग हा खरा आहे तरी कोण?’ गुरुजींचा आवाज चढला होता.

‘मला काय म्हाईत, गुरुजी? वडलांनी हे दुकान पेटीसकट घेतलं व्हतं.’

‘ह्याचे फोटो असे किती घरांत गेले असतील?’ मी विचारलं.

‘असतील की. तोंड बरं व्हतं त्याचं, लोकायला आवडायचं.’

बसस्टँडवर चहा घेताना गुरुजींनी आपला फोटो पुन्हा एकदा निरखला. मग म्हणाले, ‘नातू झाला तेव्हा मी साऱ्यांना सांगितलं, नाक बघा, बराबर आजोबाचं आहे.’

‘आमच्याकडं कपाळ म्हणतात,’ मी म्हणाले. दोघांनाही हसू आलं, पण मला त्या हसण्याचंही काही कळेना. नाक कोणाचं, कपाळ कोणाचं? आणि वावरात हळद काढणारा तो माणूस कुठं गेला?

घरी आले तर बाबा ओसरीत नव्हते. आत्या सुपात डाळ निवडत बसली होती. बाबांची ही थोरली बहीण, आठ दिवसांसाठी माहेरी आलेली. मी फोटो पिशवीतून काढून कणगीला टेकवला आणि हळूच विचारलं, ‘आत्या, हा फोटो वसमतहून कोणी आणला होता?’

तिनं सूप खाली ठेवलं. ‘काहून विचारून राहिली?’

‘पेटीतला आहे का?’

‘मीच बोट ठेवलं व्हतं,’ आत्या म्हणाली. ‘काकासंगं गेले व्हते बैलगाडीत. आठ-नऊ वर्साची असंन. काका म्हनले, तूच सांग, बापाची लाडकी तू. मला तर तोंड आठवंना. येक वर्स झालं व्हतं नुसतं, तरी आठवंना. रडू आलं. मग ह्यो बरा दिसला, म्हनलं हेच.’

‘मग सांगितलं का नाहीस कधी?’

‘कोनाला सांगू? ह्यो रोज येतो म्हनून राहिला त्याला.’

‘ह्यो’ म्हणजे बाबा. ते दारात उभे होते. कधीपासून, ते आम्हाला दोघींनाही कळलं नाही.

खाली बसून त्यांनी फोटो हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. ‘मंग हे न्हाईत?’

‘न्हाई,’ आत्या म्हणाली.

‘कसे दिसायचे मंग?’

‘तोंड न्हाई रे आठवत. हात आठवतात. डावखुरे व्हते. विळा डाव्या हातात धरायचे, समदे हसायचे.’

बाबांनी आपले दोन्ही हात पुढं केले. आत्यानं ते नीट निरखले.

‘तसे न्हाईत तुझे. तुझे आईवर गेले.’

मला वाटलं, आता हे रडतील. पण बाबा म्हणाले, ‘अजून काय करायचे?’

‘मिरची खायचे लई. मला खांद्यावर घ्यायचे अन् मंग म्हनायचे, उतर गं, तू जड झाली.’

‘आवाज कसा व्हता?’

‘बसका. तंबाखूनं.’

बाबा विचारत गेले. इतक्या वर्षांत त्यांनी आत्याला यातलं काहीच विचारलेलं नव्हतं. भिंतीवर बाप होता, मग विचारायची गरज काय? ग्रुपवर काय लिहावं ते मला सुचत नव्हतं. गुरुजींचा ‘फोटोचं काय ठरलं?’ असा मेसेज येऊन पडला होता. खिळा मोकळा होता. फोटो परत लावावा की गुंडाळून ठेवावा, तेही कळेना. इतिहासाची पदवी इथं काही कामाला येईना.

शेवटी न राहवून मी विचारलं, ‘बाबा, हा लावू का वर?’

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

‘थांब जरा. अक्काला बोलू दे.’