गोधडीवरचा जाड रंग

नवनाथ सरांच्या पोटात दुखायला लागलं ते तेजल त्यांच्या घरी येऊन गेली त्या दिवसापासून. आणि गंमत म्हणजे तिला बोलावलं होतं सरांनीच.

सर पंचवटीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी घाटावर बसून जलरंगात देवळं काढत. नाशकात घाटावरची देवळं काढणारे चिकार, पण आपल्या हाताची गोष्टच वेगळी, असं त्यांचं ठाम मत होतं. तेजल कॉलेज रोडला चित्रांचं दालन चालवायची. ती येणार म्हणून सरांनी बैठकीतल्या सगळ्या चित्रांच्या काचा स्वतः पुसल्या. तिनेही एकेक चित्र नीट पाहिलं, "छान आहे सर, छान आहे" म्हटलं, आणि बोलता बोलता तिची नजर आतल्या खोलीतल्या पलंगाकडे गेली.

पलंगावर गोधडी होती. सरांनी खराब झालं म्हणून फेकलेल्या कापडावर त्यांच्या बायकोने, चंद्रभागाने, त्यांच्याच कोळशाने बैलजोडी काढली होती, उरल्यासुरल्या रंगाचा हात फिरवला होता आणि वरून धावदोऱ्याने सगळं टाचलं होतं.

"हे कोणी केलंय?"

"मीच. थंडीसाठी हाय ती," चंद्रभागा म्हणाली. ती हरसूलकडची. गोधड्या तिने आईच्या मांडीला मांडी लावून शिवलेल्या.

तेजल त्या पलंगावर जी बसली ती उठेचना. शेवटी चहा सरांना टाकावा लागला.

त्यानंतर चंद्रभागाचं नाव झालं. तिच्या चितारलेल्या गोधड्या पुण्याला गेल्या, मुंबईला गेल्या, लोक त्या अंथरायच्या सोडून भिंतीवर लावू लागले. सरांना कोणीही भेटलं की विचारायचं, "तुम्ही चंद्रभागा मॅडमचे मिस्टर ना?" सर हसून हो म्हणत आणि घरी आल्यावर भाजीत मीठ कमी आहे म्हणत. सर्वांत वाईट म्हणजे ती अजूनही त्यांना विचारायची, "अहो, बैलाचा पाय बरोबर आलाय का?" पाय चुकलेला असे. बैल मात्र चालत असे. सरांच्या बैलांचे पाय कधी चुकले नाहीत आणि ते कधी जागचे हलले नाहीत. हे सरांना कळत होतं, म्हणून तर जळफळाट होत होता.

मागच्या हिवाळ्यात तेजलने मोठ्या प्रदर्शनासाठी एक गोधडी मागितली. चंद्रभागाच्या मनात हरसूलचा आठवडे बाजार होता. ती सरांना म्हणाली, "या वेळी चित्र तुम्ही काढा, मी टाचते. दोघांचं नाव लावू."

सरांना बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. ही आता आपल्याला जागा करून देणार! आपल्याच क्षेत्रात! या दोन्हींच्या भरात त्यांनी मांजरपाटावर बाजार चितारायला घेतला. टोपल्या, कोंबड्या, सुकी मासळी, बांगड्यांची दुकानं, सगळं आलं. गोधडीच्या कापडावर रंग पातळ लावायचा असतो, नाहीतर सुई शिरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी रंगावर रंग चढवला. कापड पत्र्यासारखं ताठ झालं. बघू आता कसं टाचते ते. लोकांना दोरा दिसायलाच नको, चित्र दिसू दे, असं त्यांच्या मनात होतं, आणि कोपऱ्यात त्यांनी आपली सही अंमळ मोठीच केली.

पहिल्याच दिवशी सुई मोडली. मग दुसरी मोडली. अंगुस्तान घालूनही चंद्रभागाचं बोट फुटलं. सर पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर धरून बसले होते. तिने कापड उलटं केलं. मागच्या बाजूला तिच्या वडिलांची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरं अस्तराला लावली होती. तिथून सुई सुखाने शिरत होती, बाहेर पडताना तेवढा जोर लागत होता. मागून सरांची रेघ दिसत नव्हती. म्हणून ती अंदाजाने, आपल्या मनातला बाजार टाचत गेली.

गोधडी दालनात नेली तेव्हा तेजलने ती जमिनीवर पसरली. रंगाची बाजू वर होती. सरांच्या बाजारातल्या माणसांच्या तोंडावर गाठी आल्या होत्या, कोंबड्यांवर दोऱ्यांची टोकं लोंबत होती. तेजलने गोधडी उलटली.

पांढऱ्या धोतरावर नुसता काळा दोरा होता. पण बाया वाकून भाव करत होत्या, पोरं रडत होती, म्हातारे बिड्या ओढत होते. रंगाचा ठिपका नव्हता आणि बाजार भरलेला होता.

"कुठली बाजू पुढे घ्यायची?" तेजलने विचारलं.

"यांचं चित्र पुढं घ्या," चंद्रभागा म्हणाली. "सही त्याच बाजूला हाय."

सर गप्प राहिले असते तर मिटलं होतं. त्यांना हवं होतं तेच होत होतं. पण ते त्या दोऱ्याच्या बायांकडे बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नको. ही बाजू लावा."

"सर, तुमचं चित्र भिंतीकडे जाईल."

"जाऊ दे."

तेजल शिडी आणायला आत गेली. चंद्रभागा गोधडीच्या सुरकुत्या सारख्या करत हळूच म्हणाली, "रंग एवढा जाड का चढवला, ते पहिली सुई मोडली तवाच कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही परत कधी ब्रश हातात धरला नसता."

सरांना लाज वाटली. फार वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी हेवाच वाटला. चित्रात ती पुढे गेली होतीच. पण आपण इतके दिवस पेपरआड बसून तिच्या सुया मोजत असताना ही बाई आपला ब्रश सांभाळत बसली होती, आणि आपल्याला हे या जन्मात जमलं नसतं.